होलकडून टीकडे: हिवाळ्यानंतर गोल्फसाठी शरीर तयार करताना

हिवाळ्यात मैदान बंद झाले की क्लबांची, म्हणजे गोल्फच्या काठ्यांची, पिशवी कोपऱ्यात उभी राहते आणि तीन-चार महिने तिच्याकडे बघण्यापलीकडे फारसे काही घडत नाही. मग एक दिवस ऊन जरा उबदार लागते, संध्याकाळ लांबल्याचे जाणवते, एप्रिलमध्ये ऑगस्टाला होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेची चर्चा कानावर येऊ लागते आणि हात शिवशिवू लागतात. मन त्याच दिवशी नव्या हंगामात पोचते. शरीर मात्र अजून हिवाळ्यातच असते आणि तिथून बाहेर यायला त्याला मनापेक्षा बराच अधिक वेळ लागतो, हे समजण्यासाठी मला एक संपूर्ण हंगाम गमवावा लागला. तेव्हापासून मी हंगामापूर्वीची तयारी एका ठरावीक क्रमाने करते. तो क्रम होलपाशी, म्हणजे चेंडू घालायच्या खळग्यापाशी, सुरू होतो आणि टीच्या, म्हणजे पहिला फटका मारण्याच्या जागेच्या, दिशेने मागे मागे सरकतो: आधी पट (ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या आखूड कापलेल्या हिरवळीवर, चेंडू घरंगळवण्याचा फटका), मग चिप (ग्रीनच्या बाहेरून मारलेला छोटा फटका), त्यानंतर वेज या जवळच्या अंतराच्या क्लबचा अर्धा स्विंग, मग आयर्न या मधल्या अंतराच्या क्लबचा पूर्ण फटका आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर, म्हणजे सर्वांत लांबच्या फटक्याचा क्लब. हिवाळ्यानंतर बहुतेक जण नेमका याच्या उलट क्रमाने खेळाकडे परततात आणि त्याची किंमत कंबर, कोपर किंवा मनगट मोजते, असे माझे ठाम मत आहे.

माझ्या बाबतीत ती किंमत कोपराने मोजली. सात वर्षांपूर्वीचा तो पहिला उबदार रविवार मला अजून नीट आठवतो. सरावाच्या रेंजवर मी चेंडूंच्या दोन टोपल्या घेतल्या, म्हणजे शंभराहून अधिक चेंडू झाले, आणि त्यांतले निम्म्याहून जास्त ड्रायव्हरने मारले, कारण हिवाळाभर मनात जो फटका घोळत होता तो ड्रायव्हरचाच होता. उरलेले आयर्नने मारले, तेही कृत्रिम हिरवळीच्या चटईवरून. शेवटच्या वीस-पंचवीस चेंडूंना हात थकल्याचे कळत होते, तरी टोपली रिकामी करूनच निघायचे, असे मनाने घेतले होते. त्या दिवशी काहीही दुखले नाही. मंगळवारी सकाळी पाण्याने भरलेले भांडे उचलताना उजव्या कोपराच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्यापाशी अशी कळ आली की भांडे तसेच खाली ठेवावे लागले. पुढे दाराची मूठ फिरवताना, ओला कपडा पिळताना, बरणीचे झाकण उघडताना ती कळ भेटू लागली. सहा आठवडे पूर्ण विश्रांती घ्या, असा सल्ला मला मिळाला आणि मी तो तंतोतंत पाळला. दुखणे थांबले, मी पुन्हा रेंजवर गेले आणि तिसाव्या चेंडूच्या आसपास कळ परत आली. असे दोनदा झाले, तोवर हंगाम सरत आला होता.

पुढे एका फिजिओथेरपिस्टने मला कोपराची रचना समजावून सांगितली आणि गेलेल्या हंगामाचा उलगडा झाला. मनगट तळहाताच्या बाजूला वाकवणारे आणि मूठ आवळणारे स्नायू कोपराच्या आतल्या उंचवट्याला कंडरेने जोडलेले असतात. कंडरा म्हणजे स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी चिवट दोरी. तिला होणारा रक्तपुरवठा स्नायूच्या मानाने तुटपुंजा असतो, त्यामुळे ती बळकट व्हायलाही वेळ लागतो आणि इजा झाली तर भरून यायलाही. नव्या श्रमांना स्नायू काही आठवड्यांत सरावतो, कंडरेला मात्र महिने लागतात. हिवाळ्यानंतरचा खरा धोका या तफावतीत आहे. घरी थोडाफार व्यायाम केलेला असतो, स्नायूंत जोर असतो, त्यामुळे आपण जोराने स्विंग करू शकतो. परंतु त्या जोराचा हादरा ज्या दोरीने सोसायचा असतो ती अजून तयार झालेली नसते. त्यात चटईची भर पडते. गवतावर क्लब चेंडूच्या आधी जमिनीत घुसला तर माती उडते, चेंडू जेमतेम पुढे जातो आणि चूक लगेच कळते. चटईवर मात्र तोच क्लब घसरून चेंडूपर्यंत पोचतो, फटका बऱ्यापैकी गेल्यासारखा वाटतो आणि जमिनीचा हादरा मनगटातून सरळ कोपरात जातो. असे चाळीस-पन्नास हादरे एका दुपारी बसले, तरी खेळणाऱ्याला त्याचा पत्ताही लागत नाही.

विश्रांतीने वेदना शमते, पण कंडरा बळकट होत नाही. तिला बळकटी येते ती मोजक्या आणि सावकाश वाढवत नेलेल्या भाराने. मला दिलेला व्यायाम अगदी साधा होता आणि आजही तो मी हंगामाच्या बारा आठवडे आधी सुरू करते. हात कोपरापासून मनगटापर्यंत टेबलावर टेकवायचा, तळहात वर, मनगट टेबलाच्या कडेबाहेर. हातात एक किलो वजन धरायचे आणि मनात पाच आकडे मोजत मनगट सावकाश खाली सोडायचे. वर आणताना दुसऱ्या हाताची मदत घ्यायची, कारण इथे फायदा खाली सोडण्याच्या क्रियेत आहे. पंधरा वेळा, तीन खेपा, एक दिवसाआड. मग तळहात खाली करून तेच पुन्हा, कारण उजव्या हाताने खेळणाऱ्यांचे डावे कोपर बाहेरच्या बाजूनेही वारंवार दुखावते. त्या दुखण्याचे नाव टेनिसशी जोडलेले असले, तरी गोल्फ खेळणाऱ्यांमध्ये ते काही दुर्मीळ नाही. पहिले तीन आठवडे काहीच बदल जाणवत नाही आणि नेमक्या याच काळात लोक व्यायाम सोडून देतात, म्हणून हे मुद्दाम लिहिते.

कंडरेबद्दल बोलताना बर्नहार्ड लँगर यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९५७ साली जन्मलेल्या या जर्मन खेळाडूची टाचेची कंडरा, जी शरीरातली सर्वांत जाड कंडरा मानली जाते, २०२४च्या फेब्रुवारीत पिकलबॉल खेळताना तुटली. शस्त्रक्रियेनंतर ते त्याच वर्षी मे महिन्यात स्पर्धेत उतरले आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ६७व्या वर्षी, ज्येष्ठांच्या अमेरिकी मालिकेतली हंगामाची अखेरची स्पर्धा त्यांनी जिंकली. त्यांच्यापाशी असलेले साहाय्य तुमच्या-माझ्यापाशी नसते, हे खरे. तरीही आयुष्यभर जपलेले शरीर अवघड काळात कसे साथ देते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे आठवत नाही.

आता पटविषयी. मैदान बंद असताना, बाहेर अंधार आणि थंडी असताना, घरात ज्याचा पूर्ण सराव करता येतो असा गोल्फचा हाच एक भाग आहे. आणि तो थोडाथोडका भाग नव्हे. पार ७२ असलेल्या, म्हणजे अठरा होलसाठी ७२ फटके अपेक्षित असलेल्या, मैदानात प्रत्येक ग्रीनवर दोन पट गृहीत धरलेले असतात, म्हणजे ७२पैकी ३६ फटके पटरचे, पट मारायच्या क्लबचे. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो. तीन मीटर अंतरावरून पटरचा चेहरा फक्त एका अंशाने चुकीच्या दिशेला वळलेला असेल, तर चेंडू होलपाशी पोचेपर्यंत सुमारे सव्वापाच सेंटीमीटर बाजूला गेलेला असतो. होलची त्रिज्या ५.४ सेंटीमीटर आहे, म्हणजे एका अंशाच्या चुकीने चेंडू थेट काठावर जातो आणि दोन अंशांच्या चुकीने होलला स्पर्शही होत नाही. हे गणित मी एकदा कागदावर मांडले आणि त्यानंतर घरातल्या सरावाकडे दुय्यम गोष्ट म्हणून पाहणे बंद झाले.

माझी पद्धत अशी आहे. गालिच्यावर पटरच्या रुंदीपेक्षा जेमतेम बोटभर जास्त अंतर ठेवून दोन चेंडू ठेवायचे आणि त्या दोन चेंडूंच्या मधून, त्यांना न लागता, पटर पुढे-मागे गेला पाहिजे. समोर दीड मीटरवर एक नाणे. चेंडू नाण्यावरून गेला पाहिजे आणि नाण्यापुढे हातभर अंतरावर थांबला पाहिजे. नाणे होलपेक्षा कितीतरी लहान असल्याने हंगाम सुरू झाल्यावर खरे होल डोळ्यांना ऐसपैस दिसते. रोज पंधरा मिनिटे पुरतात. या सरावाचा शरीराला होणारा लाभ मात्र फारसा कुणी सांगत नाही. रोज पंधरा मिनिटे खुब्यातून वाकून, पाठ सरळ ठेवून, वजन दोन्ही पायांवर सारखे घेऊन उभे राहिल्याने गोल्फची मूळ उभे राहण्याची ढब अंगवळणी पडते. सुरुवातीच्या दिवसांत माझी पाठ पाच मिनिटांत भरून येते. तोच थकवा एखाद्या फेरीच्या बाराव्या होलवर येण्यापेक्षा घरातल्या गालिच्यावर आलेला बरा.

शरीराच्या तयारीत मी सर्वांत अधिक वेळ देते तो वळण्याला. गोल्फच्या स्विंगमध्ये शरीर वळते म्हणजे नेमके काय वळते, हे अनेकांना माहीत नसते, आणि कंबरदुखीचे मूळ बहुतेक वेळा या अज्ञानात असते. कमरेचे पाच मणके पुढे-मागे वाकण्यासाठी घडलेले आहेत. त्यांचे सांधे अशा दिशेने बसवलेले असतात की पाचही मणके मिळून एका बाजूला जेमतेम दहा-पंधरा अंश वळू शकतात. खरे वळणे घडते ते त्यांच्या वर, म्हणजे फासळ्या जोडलेल्या छातीच्या बारा मणक्यांत, आणि त्यांच्या खाली, म्हणजे खुब्यांच्या सांध्यांत. हिवाळ्यात आपण जास्त बसतो. बसल्याने छातीचे मणके पुढे वाकून आखडतात आणि खुबे एकाच कोनात गोठल्यासारखे होतात. मग पहिल्या उबदार दिवशी पूर्ण स्विंग केला की वरचे वळत नाही, खालचे वळत नाही आणि राहिलेले सारे वळण बिचाऱ्या कमरेकडून वसूल केले जाते. डाउनस्विंग, म्हणजे क्लब वरून चेंडूवर आणणे, सुमारे पाव सेकंदात संपतो. एवढ्या वेगात, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार सोसत, जे काम आपले नाही ते कमरेला करावे लागते. टायगर वूड्स यांच्या पाठीवर एकामागून एक शस्त्रक्रिया झाल्या, २०१७च्या एप्रिलमध्ये कमरेतले मणके एकमेकांना जोडण्याची शस्त्रक्रियाही झाली आणि त्यानंतर २०१९मध्ये त्यांनी मास्टर्स जिंकली. ती जिद्द वंदनीयच आहे. पण सामान्य खेळाडूने त्या वाटेवर पाऊल पडू नये, याचीच काळजी घ्यावी.

आपण कुठे उभे आहोत हे तपासण्यासाठी मी दोन चाचण्या करते. पहिलीसाठी पाठ न टेकता खुर्चीच्या कडेवर ताठ बसायचे, गुडघ्यांमध्ये उशी घट्ट धरायची, एक क्लब छातीवर आडवा धरून त्यावर हातांची घडी घालायची आणि उजवीकडे, मग डावीकडे वळायचे. उशी धरल्यामुळे खुब्यांना चोरून मदत करता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश, म्हणजे समोरची भिंत आणि बाजूची भिंत यांच्या कोपऱ्याच्या दिशेपर्यंत क्लब वळला पाहिजे. हिवाळ्याच्या शेवटी माझा क्लब त्या कोपऱ्याच्या बराच अलीकडे थांबतो. दुसरी चाचणी खुब्यांची. त्याच खुर्चीवर गुडघे जुळवून बसायचे आणि गुडघे न हलवता पाऊल बाहेरच्या बाजूला नेता येईल तितके न्यायचे. असे करताना मांडीचे हाड खुब्यात आतल्या दिशेने फिरते. उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डाव्या खुब्याला चेंडूवर फटका बसताना नेमके असेच फिरावे लागते. डाव्या पायाचे पाऊल उजव्यापेक्षा स्पष्टपणे कमी जात असेल, तर स्विंगच्या शेवटी कमरेवर ताण येणार, हे धरून चालावे.

त्यावरचे उपाय अवघड नाहीत, फक्त रोज करावे लागतात. कुशीवर झोपून दोन्ही गुडघे काटकोनात पोटाकडे घ्यायचे, हात समोर जोडायचे आणि वरचा हात पुस्तकाचे पान उलटावे तसा दुसऱ्या बाजूला उघडायचा. नजर हाताबरोबर जाऊ द्यायची आणि शेवटी दीर्घ श्वास सोडायचा. श्वास सोडताना फासळ्या सैल पडतात आणि हात आणखी दोन बोटे खाली जातो. हे इतके हमखास घडते की मला दर वर्षी त्याचा नव्याने आनंद होतो. खुब्यांसाठी जमिनीवर बसून दोन्ही गुडघे वाकवायचे, पावले एकमेकांपासून दूर ठेवायची आणि दोन्ही गुडघे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे जमिनीकडे झुकवायचे. दोन्ही मिळून दहा मिनिटे लागतात. आठ आठवड्यांत माझा क्लब त्या कोपऱ्यापर्यंत पोचतो, आणि तो पोचला की बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, खांदा हनुवटीखाली सहज येऊ लागतो. बॅकस्विंग सुधारण्यासाठी वेगळे काही करावे लागत नाही.

ताकदीविषयी पूर्वी एक समज रूढ होता की वजने उचलली तर गोल्फ खेळणाऱ्याचे अंग जड होते आणि स्विंग बिघडतो. तो मोडून काढण्याचे बरेचसे श्रेय दक्षिण आफ्रिकेच्या गॅरी प्लेअर यांना जाते. इतर खेळाडू वजनांपासून दूर राहत, त्या काळात ते नियमित वजने उचलत. १९६५पर्यंत त्यांनी चारही प्रमुख स्पर्धा जिंकल्या होत्या आणि १९७८च्या मास्टर्समध्ये, वयाच्या ४२व्या वर्षी, अखेरच्या दिवशी सात फटक्यांची पिछाडी ६४ फटक्यांच्या फेरीने भरून काढून ते विजेते ठरले. मला वजनांच्या खोलीत तासन् तास घालवायचे नाहीत, म्हणून आठवड्यातून दोनदा चाळीस मिनिटे एवढेच मी ठरवले आहे. त्यात बैठका, जोर, एका पायावर उभे राहून पुढे झुकणे, पाठ सरळ ठेवून खुब्यातून वाकत जमिनीवरचे वजन उचलणे आणि दोन्ही हातांत वजन घेऊन चालणे, एवढेच असते. स्विंगचा जोर पायांतून आणि नितंबांतून उगम पावतो आणि हात तो फक्त चेंडूपर्यंत पोचवतात. त्यामुळे दंडांच्या व्यायामावर मी जवळजवळ वेळ घालवत नाही. पहिले पाच-सहा आठवडे सारे काही संथपणे करायचे. वेगाचे व्यायाम, म्हणजे मेडिसिन बॉल (व्यायामाचा जड चेंडू) बाजूने भिंतीवर फेकणे किंवा चेंडू न ठेवता क्लब जोरात फिरवणे, हे शेवटच्या तीन आठवड्यांसाठी राखून ठेवायचे. वेग हा तयार शरीराला देण्याचा भार आहे, तो आधी देऊ नये.

चालण्याकडे सर्वांचेच दुर्लक्ष होते. अठरा होलच्या फेरीत, इकडेतिकडे गेलेल्या चेंडूंच्या मागची पायपीट धरून, आठ ते दहा किलोमीटर चालणे होते आणि त्याला चार तासांहून अधिक वेळ लागतो. ते चालणे सपाट रस्त्यावरचे नसते. चढ, उतार, ओले गवत आणि बंकरमधली वाळू, शिवाय खांद्यावर किंवा हातगाडीवर पिशवी. नियमानुसार जास्तीत जास्त चौदा क्लब घेता येतात, तेवढे घेतलेच पाहिजेत असे कुठेही लिहिलेले नाही. पहिल्या महिन्यात मी सातच घेते आणि त्यामुळे खांद्यावरचा भार बराच हलका होतो. हंगामापूर्वी सहा आठवडे मी आठवड्यातून तीनदा चालायला जाते, त्यातली एक फेरी चढ-उताराच्या वाटेने, गोल्फचेच बूट घालून आणि शेवटी पिशवी खांद्यावर घेऊन. चौदाव्या होलनंतर फटके बिघडू लागले की आपण स्विंगला दोष देतो. पुष्कळदा पोटऱ्या आणि मांड्या थकल्यामुळे गुडघे ताठ झालेले असतात, उभे राहण्याची उंची बदललेली असते आणि म्हणून चेंडू क्लबच्या चुकीच्या भागावर लागत असतो.

एवढी तयारी झाल्यावर रेंजकडे वळायचे. मी आता टोपली घेते ती सर्वांत लहान आणि तीही सारी मारलीच पाहिजे, असे बंधन स्वतःवर घालत नाही. पहिल्या दोन आठवड्यांत फक्त वेज, तोही कमरेइतक्या उंचीपर्यंत, आणि शक्य असेल तिथे चटईऐवजी गवतावरून. तिसऱ्या आठवड्यात आठ आणि सात नंबरचे आयर्न. पाचव्या आठवड्याआधी ड्रायव्हर नाही. दोन चेंडूंमध्ये मी अर्धा मिनिट थांबते, कारण मैदानात दोन फटक्यांमध्ये मिनिटे जातात आणि शरीरालाही तीच सवय हवी. या काळात एकाच गोष्टीकडे लक्ष ठेवते, ती म्हणजे लय. चांगल्या खेळाडूंचा बॅकस्विंग साधारण पाऊण सेकंदाचा आणि डाउनस्विंग पाव सेकंदाचा असतो, म्हणजे तिनास एक असे प्रमाण. हिवाळ्यानंतर घाईमुळे बॅकस्विंग आखूड होतो आणि हे प्रमाण बिघडते. मी मनात ‘एक, दोन, तीन’ म्हणत क्लब मागे नेते आणि पुढच्या एकाच ठोक्यावर खाली आणते. क्लब आणि चेंडू यांचा स्पर्श सेकंदाच्या सुमारे दोन हजाराव्या भागाइतकाच टिकतो. त्या क्षणी जाणीवपूर्वक काही करायला वेळच नसतो, जे करायचे ते लयीने आधी करून ठेवलेले असते.

या काळात एक गोष्ट मनाला खुपते, ती म्हणजे अंतर कमी पडते. सात नंबरच्या आयर्नने जिथे चेंडू पोचायचा, त्याच्या दहा-बारा पावले अलीकडे तो पडतो आणि आपली ताकद गेली, असे वाटू लागते. त्यातला काही भाग खरोखर शरीराचा असतो. परंतु थंड हवा उबदार हवेपेक्षा दाट असते, तिच्यातून जाताना चेंडूला अधिक विरोध होतो. गारठलेला चेंडूही फटक्यानंतर कमी जोराने उसळतो. अंगावर दोन थर कपडे असतात, जमीन ओली असल्याने चेंडू पडल्यावर पुढे घरंगळत नाही. या कारणांवर जोर लावणे हा उपाय नाही. उपाय आहे एक नंबर कमी असलेला, म्हणजे चेंडू अधिक लांब नेणारा, क्लब घेण्याचा. माझ्या पाहण्यातल्या वसंतातल्या दुखापतींपैकी कितीतरी अशाच झालेल्या आहेत: अंतर हवेमुळे कमी झाले आणि ते भरून काढायला बिचाऱ्या खांद्याला जुंपले गेले.

साहित्याबद्दल थोडक्यात. क्लबांच्या ग्रिप, म्हणजे मुठीवरची आवरणे, हिवाळ्यात कोरड्या आणि गुळगुळीत होतात. गुळगुळीत ग्रिप हातातून सुटू नये म्हणून मूठ नकळत आवळली जाते आणि तो ताण पुन्हा त्याच कोपराच्या कंडरेवर येतो. कोमट पाणी, साबण आणि मऊ ब्रश घेऊन ग्रिप घासून स्वच्छ केल्या आणि रात्रभर वाळू दिल्या की बहुतेक पकड परत येते. तरीही चकाकी दिसत असेल तर ग्रिप बदलून घ्याव्यात. बुटांचे खिळे झिजलेले असतील तर तेही बदलावेत, कारण ओल्या गवतावर मागचा पाय घसरणे कमरेला फार महागात पडते.

पहिली फेरी मी नऊ होलचीच खेळते आणि फटक्यांची नोंद ठेवत नाही. मैदानही तेव्हा अर्धवट जागे असते: काही ग्रीन तात्पुरत्या असतात, काहींवर माती मोकळी करण्यासाठी पाडलेली छिद्रे असतात, आणि त्यांवरून पट सरळ जाण्याची अपेक्षा ठेवण्यात अर्थ नसतो. खेळाडूची पातळी आकड्यात सांगणाऱ्या, २०२०पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या वीस फेऱ्यांपैकी सर्वोत्तम आठ फेऱ्या धरल्या जातात, त्यामुळे पुढे नोंद सुरू केल्यावरही एक-दोन वाईट फेऱ्यांनी मोठे नुकसान होत नाही. त्या दिवशी मी खेळायच्या वेळेआधी चाळीस मिनिटे पोचते. ताणून धरण्याचे व्यायाम तेव्हा करत नाही, कारण लांबवर ताणून धरलेला स्नायू लगेचच्या वेगवान हालचालीत कमी जोर देतो. त्याऐवजी भरभर चालणे, पाय पुढे-मागे आणि आडवे झुलवणे, क्लब खांद्यांवर आडवा घेऊन हळूहळू वळणे, दोन क्लब एकत्र धरून संथ स्विंग, आणि मग दहा पट, दहा चिप, वेजचे पाच-सहा अर्धे फटके.

गेल्या वर्षी पहिल्या सकाळी ग्रीनवर दहिवर गोठलेले होते आणि मैदान सांभाळणाऱ्यांनी सर्वांना थांबवून ठेवले. गोठलेल्या पात्यावर पाय पडला तर आतल्या पेशी चिरडतात. त्या क्षणी काही दिसत नाही, पण नंतर हिरवळीवर तपकिरी पावले उमटतात आणि ती जायला बराच काळ लागतो. काही जण अस्वस्थपणे घड्याळाकडे पाहत होते. मी पहिल्या टीच्या बाजूला उभी राहून क्लब खांद्यांवर घेऊन सावकाश वळत राहिले. ऊन आधी फेअरवेवर आले, मग ग्रीनच्या कडेवर, आणि शेवटी झेंड्यापाशी पोचले. बोलावणे आले तेव्हा अंगात ऊब होती, खांदा हनुवटीखाली येत होता आणि उजवे कोपर शांत होते. ड्रायव्हर पिशवीतच राहू दिला आणि सात नंबरचा आयर्न बाहेर काढला.